पडीक रान मोकळे करायचे, तर ट्रॅक्टरला काय जोडावे?

दहा-पंधरा वर्षे नांगर न लागलेले रान पुन्हा वहितीखाली आणायचे ठरले की पहिला फोन गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला जातो, आणि त्याच्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडलेलाच असतो. गडबड तिथूनच सुरू होते. रोटाव्हेटर हे नांगरलेल्या जमिनीतली ढेकळे फोडायचे औजार आहे. अंगठ्याएवढ्या जाड बुंध्यात त्याची पाती वाकतात, फांद्या आणि वेल रोटरला गुंडाळले जातात, बेअरिंगचे सील फाटते. एवढे सोसूनही जमिनीतली मुळे तिथेच राहतात. हराळी किंवा कुंदा असेल तर काशांचे, म्हणजे जमिनीतल्या आडव्या खोडांचे, बोटभर तुकडे होऊन रानभर पसरतात आणि पहिल्या पावसाला प्रत्येक तुकडा फुटतो. पैसे देऊन तणाची लागवड केली, असाच त्याचा अर्थ.

औजार ठरवताना वर काय दिसते याला फार महत्त्व नाही. कापल्यावर जमिनीत काय उरणार आहे आणि ते पुन्हा फुटणार का, हे आधी पाहायचे. वरचे कापायला एक औजार लागते, खालचे काढायला दुसरे. दोन्ही कामे एकदम करणारे औजार पस्तीस ते पन्नास एचपीच्या आपल्या ट्रॅक्टरसाठी नाही.

आधी कागद, मग पायपीट

सातबाऱ्यावर इतर हक्कांत वनाची काही नोंद आहे का, ते पाहून घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर खाजगी वनाच्या किंवा वन कायद्याच्या कलम ३५ च्या नोंदी असलेले गट पुष्कळ आहेत. अशा गटात यंत्र घालण्याआधी वनखात्याशी बोलणे भाग आहे. दुसरे, झुडपांच्या गर्दीत साग, खैर, चंदन, मोह, आंबा, फणस, जांभूळ, चिंच असे झाड असेल तर त्याला हात लावू नका. वृक्षतोडीच्या नियमनाचा १९६४ चा राज्य कायदा आहे आणि ही झाडे त्याच्या अनुसूचीत येतात. ती स्वतःच्या रानात असली तरी परवानगी लागते. अशा झाडांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढून ठेवा. ड्रायव्हरला तोंडी सांगितलेले दुपारपर्यंत टिकत नाही.

मग हातात कोयता आणि काठी घेऊन रान दहा-दहा पावलांच्या पट्ट्यांनी पालथे घाला. शोधायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पडकी विहीर, बोअरचा उघडा केसिंग पाइप, हद्दीचे दगड, जुन्या कुंपणाची काटेरी तार, ठिबकच्या नळ्या, वारूळ, मोहोळ. यातली तार सगळ्यात महाग पडते. स्लॅशरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायच्या झुडपे कापणाऱ्या औजाराच्या, पात्यांखाली गेलेली तार गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टला गुंडाळली जाते, ऑइल सील कापते, तेल थेंबाथेंबाने गळते आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत गिअर जळलेले असतात. सापडलेल्या प्रत्येक अडथळ्याजवळ उंच काठी रोवून तिला पांढरी चिंधी बांधा. बसल्या जागेवरून ड्रायव्हरला दिसेल एवढी ती उंच हवी.

झुडूप ओळखा, बुंधा मोजा

वेडी बाभूळ म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा दुष्काळी पट्टा, मराठवाडा आणि नदी-ओढ्याकाठचे पडीक. ती वरून कापली की एका खोडाची आठ-दहा होतात, कारण फुटवे जमिनीलगतच्या आणि थोड्या खालच्या गड्ड्यातून येतात. हा गड्डा सुमारे एक फूट खोलीवर तोडून बाहेर काढला नाही तर पुढच्या वर्षी जाळी पहिल्यापेक्षा दाट होते.

घाणेरी मुळांचा जोर कमी असल्याने सोपी वाटते, पण बुडख्यातून तीही फुटते. तिचे बुडखे जमिनीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीने तोडून उलटे करून टाकले तर फुटत नाही. बी पक्षी पसरवतात, म्हणून फळे काळी व्हायच्या आत काम उरकावे. कोकणातल्या रानमोडीचे बी वाऱ्यावर जाते. ती साधारण डिसेंबर-जानेवारीत फुलते, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर ही तिची वेळ. फुले पांढरी म्हातारी होऊन उडू लागल्यावर स्लॅशर फिरवणे म्हणजे बी पेरणेच.

बेशरमाची तऱ्हा वेगळी. ओल्या जमिनीत पडलेला तिच्या खोडाचा प्रत्येक तुकडा मूळ धरतो. ओढ्याकाठी, नाल्यात स्लॅशर किंवा मल्चर (झुडपे कुटून चुरा करणारे औजार) अजिबात नको. ती मुळासकट उपटून कोरड्या, उन्हाच्या जागी ढीग लावून वाळवायची. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

जाडी मोजायला टेप लागत नाही. बोटभर, अंगठाभर, मनगटाएवढा आणि मांडीएवढा असे चार वर्ग पुरतात. रानाच्या तीन-चार ठिकाणी दहा पावले लांब-रुंद चौकोन धरून त्यात कोणत्या वर्गाचे किती बुंधे आहेत ते मोजा आणि लिहून ठेवा. भाड्याचा सौदा करताना हाच कागद कामाला येतो. तो नसेल तर ताशी दर ऐकून माणूस हो म्हणतो आणि तास दुप्पट होतात.

बोटापासून अंगठ्यापर्यंत जाडीला साधा स्लॅशर चालतो. मनगटापर्यंत जायचे तर जाड डेकचा, म्हणजे पात्यांवरच्या जाड लोखंडी छताचा, भारी स्लॅशर हवा. त्यापुढे ट्रॅक्टरमागचे कोणतेही कापायचे औजार नको. तिथे चेनसॉ आणि जेसीबी.

स्लॅशर: खरे कामाचे औजार

लोखंडी छताखाली एक उभा गिअरबॉक्स, त्याला आडवी पट्टी किंवा गोल ताट, आणि त्याला बोल्टवर झुलणारी दोन-तीन जाड पाती. झुलणारी पाती मुद्दाम असतात. बुडखा किंवा दगड लागला की पाते मागे वळते, गिअरबॉक्सवर धक्का कमी येतो. विकत किंवा भाड्याने घेताना खाली वाकून गोल ताट आहे का, ते पाहा. बुडख्यावरून हे ताट घसरत जाते. नुसती पट्टी असेल तर ती बुडख्याला अडकून जागीच थांबते आणि सगळा झटका शाफ्टवर येतो. गवतासाठी विकले जाणारे स्वस्त स्लॅशर बहुतेक पट्टीचे असतात.

रुंदी ठरवायला ट्रॅक्टरचा पीटीओ एचपी धरा, इंजिनचा नव्हे. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरणारा दांडा, तो शाफ्टमार्गे औजाराला ताकद देतो. इंजिनाच्या साधारण ८५ टक्के ताकद पीटीओवर मिळते, म्हणजे ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला ३८ च्या आसपास. गवत आणि बोटभर झुडपांसाठी दर फुटाला पाच एचपी पुरतात, लाकडी झुडपांसाठी सात ते आठ धरा. म्हणून ४५ एचपीला पाच फुटी स्लॅशर योग्य. सहा फुटी घेतला तर गवतात छान पळतो, बाभळीत इंजिन बसते. आणखी एक गोष्ट: औजाराची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या अंतरापेक्षा कमी असेल तर चाकाने दाबलेली झुडपे न कापता मागे उभी राहतात. चाके आत घेता येत असतील तर घ्या.

वजनाकडेही पाहा. भारी पाच फुटी स्लॅशर तीनशे-चारशे किलोपर्यंत जातो. लिफ्टची क्षमता खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेली असते आणि औजाराचा भार त्याच्याही मागे असतो. तो उचलताच पुढची चाके हलकी वाटली, स्टिअरिंग तरंगल्यासारखे झाले, तर पुढे वजने लावल्याशिवाय रानात जायचे नाही.

पिना जुळतात का, हेही घरीच पाहावे. पहिल्या वर्गाच्या (कॅटेगरी १) लिंकेजला, म्हणजे औजार जोडायच्या तीन हातांना, खालची पिन २२ मिलिमीटर आणि टॉप लिंकची (वरच्या हाताची) १९, दुसऱ्या वर्गाला २८ आणि २५. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम चालते, पण भोक ठोकून लांबट होते आणि पिन अर्ध्या रानात तुटते. बुश दोन मिनिटांत बसतात, बाजारात मिळतात.

आता खरी अडचण. स्लॅशर मागे असतो, म्हणजे झुडपावर आधी ट्रॅक्टर चढतो. रेडिएटरची जाळी, डिझेल फिल्टर, हायड्रॉलिकच्या नळ्या, चेंबरचा ड्रेन बोल्ट हे सगळे फांद्यांच्या तोंडी येते. पुढची ६.००-१६ ची टायरे वेड्या बाभळीच्या काट्याने आधी जातात. म्हणून तीन गोष्टी काम सुरू करण्याआधी करा: पोटाखाली दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा बोल्टने बसवून घ्या, रेडिएटरपुढे बारीक जाळी लावा आणि दर तासाला ती झाडा, आणि पुढच्या टायरमध्ये पंक्चर थांबवणारे द्रव्य भरून घ्या. एवढे करूनही पंक्चर होणारच. दोन तयार ट्यूब आणि हवेचा पंप बांधावर हवा.

दाट जाळीत नाकाने शिरू नका. कडेपासून अर्ध्या रुंदीचा घास घेत आत सरका. जिथे जाळी ट्रॅक्टरच्या उंचीची आहे तिथे उलट्या गिअरने स्लॅशर आधी आत घाला, डेक फुटाहून वर न उचलता, हळूहळू खाली टेकवत. मागे माणूस नाही याची खात्री करण्यासाठी इशारा देणारा एकच माणूस ठेवा, आणि तो ड्रायव्हरला कायम दिसेल असा बाजूला, लांब.

लांब म्हणजे किती? पाच फुटी स्लॅशरचे पाते सुमारे दीड मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरते. गिअरबॉक्स पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांचे ९०० फेरे करत असेल तर टोकाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने सुटलेला दगड गुरांना, माणसांना, रस्त्यावरच्या गाडीच्या काचेला लागतो. शंभर मीटरच्या आत कुणी नको, आणि डेकच्या पुढे-मागे साखळ्यांचे पडदे पूर्ण हवेत. भाड्याच्या स्लॅशरच्या अर्ध्या साखळ्या तुटलेल्या असतात. तसा स्लॅशर परत पाठवा.

डेकची पुढची कड मागच्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवा, टॉप लिंक फिरवून. मागची कड खाली गेली तर कापलेले पुन्हा पुन्हा पात्यांखाली येते, ताकद वाया जाते. पहिल्या फेरीत उंची दहा ते पंधरा सेंटिमीटर. त्याहून खाली गेलात तर पाती मातीत आणि दगडात.

मनगटाहून जाड बुंधे मात्र जमिनीलगत कापूच नका. ते चेनसॉने अडीच-तीन फुटांवर तोडून उभे सोडा. पुढे जेसीबीच्या बकेटला पकडायला खुंट लागतो. जमिनीलगत कापलेला बुडखा उकरायला दुप्पट वेळ जातो, आणि तिरपा कापलेला बुडखा भाल्यासारखा टायरमध्ये शिरतो. एवढी एक गोष्ट पाळली तरी जेसीबीचे तास निम्म्यावर येतात.

चालवण्याचा वेग ताशी दोन ते तीन किलोमीटर, लो गिअरमध्ये, आणि इंजिन पीटीओच्या ५४० च्या खुणेवर. मीटरवर ही खूण असते. ५४० इकॉनॉमीचा, म्हणजे इंजिन कमी फिरवून तेच फेरे देणारा, गिअर इथे वापरू नका. तो हलक्या कामासाठी आहे, भार आला की इंजिन मरते. इंजिनचा आवाज बसला तर ॲक्सिलरेटर दाबण्याऐवजी पुढे जाणे थांबवा, पात्यांना वेग घेऊ द्या.

क्लच, शाफ्ट आणि क्रॉस

सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर स्लॅशर लावणार असाल तर हे नीट वाचा. फिरणाऱ्या पात्यांत मोठा जोर साठलेला असतो. क्लच दाबला तरी तो जोर पीटीओमार्गे गिअरबॉक्समध्ये उलटा येतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलत राहतो. विहिरीच्या काठावर ब्रेक लागण्याआधीचे दोन-तीन मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको. यावर उपाय ओव्हररनिंग क्लच, म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच बाजूने जोर देणारा तुकडा. तो पीटीओच्या सहा दातांच्या शाफ्टवर बसतो. ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर त्याची गरज पडत नाही. तुकडा बसवल्यावर शाफ्ट काही इंच मागे सरकतो, म्हणून लांबी पुन्हा तपासावी लागते.

लांबी तपासायची ती अशी. औजार जोडून लिफ्टने अशा उंचीवर आणा की शाफ्ट सरळ रेषेत येईल. तेव्हा अंतर सगळ्यात कमी असते. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला, एक औजाराला लावा आणि शेजारी-शेजारी धरा. आतला भाग बाहेरच्याच्या तळाला टेकत असेल तर लिफ्ट उचलताच पीटीओचे बेअरिंग फुटेल. टोकाला अडीच-चार सेंटिमीटर मोकळीक राहील इतके दोन्ही भागांतून सारखेच कापा, प्लास्टिकचे कव्हरही तेवढेच. कड कानशीने घासून ग्रीस लावा. मग औजार वर-खाली करून सगळ्यात लांब अवस्थेत पाहा: दोन भाग एकमेकांत किमान एक तृतीयांश लांबीने गुंतलेले हवेत. चौकोनी शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत यायला हवेत. एक घर चुकले तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस, म्हणजे काट्यांमधला फिरता सांधा, आठवड्यात जातो.

पीटीओ चालू ठेवून औजार उंच उचलायची सवय क्रॉस खाते. बांध ओलांडताना आधी पीटीओ बंद करा. बंद केल्यावरही पाती अर्धा मिनिट फिरत राहतात. थांबल्याशिवाय उतरायचे नाही. डेकखाली काही पाहायचे असेल तर इंजिन बंद, चावी खिशात, डेकखाली लाकडाचे ओंडके. नुसत्या लिफ्टवर टांगलेल्या लोखंडाखाली हात घालू नये.

भार वाढला की आधी तुटावा म्हणून शिअर बोल्ट असतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात. पुस्तिकेत सांगितला त्याच आकड्याचा आणि त्याच मापाचा घाला. ‘सारखा तुटतो’ म्हणून वरच्या ग्रेडचा घातला की पुढच्या दगडाला बोल्ट शाबूत राहतो आणि गिअर तुटतो. दहा बोल्ट आणि दोन पाने टूलबॉक्समध्ये ठेवा. काही औजारांना बोल्टऐवजी स्लिप क्लच असतो. पावसाळाभर पडून राहिल्याने त्याच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात, मग तो घसरतच नाही. हंगामाआधी स्प्रिंगांची लांबी मोजून लिहा, नट सैल करा, दोन-तीन सेकंद फिरवून प्लेटा घसरू द्या आणि मोजलेल्या लांबीवर पुन्हा आवळा.

फिरणारा शाफ्ट ५४० ला सेकंदाला नऊ फेरे घेतो. उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी यांतले काहीही त्याच्या जवळ नको. कव्हर तुटले असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत काम बंद.

मल्चर, श्रेडर आणि त्यांच्या नावाखाली होणारी फसगत

पऱ्हाटी आणि उसाचे पाचट कुटायला जे श्रेडर येतात त्यांना बहुतेक वाकडी पातळ पाती असतात. पऱ्हाटीत ती उत्तम चालतात. बाभळीच्या अंगठाभर बुंध्यात दोन दिवसांत वाकतात. लाकडी झुडपांसाठी हातोड्याच्या आकाराची जाड पाती हवीत, आणि दर फुटाला आठ-दहा पीटीओ एचपी. म्हणजे ४५ एचपीला चार फुटी, त्याहून मोठा नाही. जंगल साफ करायचे जे भारी मल्चर चित्रफितींत दिसतात त्यांना आपल्या ट्रॅक्टरच्या दुप्पट ताकद लागते. ते पाहून औजाराची निवड करू नका.

मल्चरचा फायदा असा की कुटलेले तिथेच पसरते, ढीग जाळायची वेळ येत नाही, आणि दगड स्लॅशरएवढा लांब उडत नाही. घाणेरी, रानमोडी, तरवड अशा बोटभर जाडीच्या गर्दीत तो स्लॅशरपेक्षा सरस. पण एक पाते तुटले की रोटरचा तोल जातो, थरथर सुरू होते आणि दोन्ही टोकांची बेअरिंग जातात. तुटलेले बदलताना त्याच्या समोरचेही बदला. नवे-जुने पाते किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून सारख्या वजनाची जोडी बसवा. हे कुणी करत नाही, म्हणून बेअरिंग दर हंगामाला बदलतात.

खालचे काढायचे कसे

ट्रॅक्टरला साखळी बांधून बुडखा ओढणे हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. साखळी टॉप लिंकच्या खुंटीला किंवा मागच्या ॲक्सलला बांधली आणि बुडखा हलला नाही, तर मागची चाके जागीच राहतात आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उठते. एक-दीड सेकंदात तो ड्रायव्हरवर उलटतो, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. साखळी ओढायचीच असेल तर फक्त खाली ठरवून दिलेल्या ड्रॉबारला, लो गिअरमध्ये, झटका न देता, आणि मनगटाहून बारीक बुडख्यांनाच. डोक्यावर आडोशाची चौकट आणि सीटबेल्ट असेल तर ते वापरा. साखळीच्या रेषेत कुणी उभे राहू नये, तुटलेली साखळी परत येते.

मनगटाच्या वरच्या जाडीला जेसीबीची मागची अरुंद बकेट हेच खरे औजार. तीन बाजूंनी एक-दीड फूट खोल उकरायचे, चौथ्या बाजूने खुंट धरून ढकलायचा. गड्डा बाहेर आला की माती झटकून घ्या, नाहीतर रानाची सुपीक माती ढिगाबरोबर बांधावर जाते. खड्डे त्याच दिवशी बुजवा. राहिलेल्या खड्ड्यात पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरचे चाक जाते.

पुढे लावायचा डोझर सोयीचा वाटतो. मोकळे झालेले ढीग सारायला तो ठीक. उभ्या बुंध्यावर आदळायला नव्हे. चाळीस-पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल तो धक्का झेलायला बनवलेला नसतो, त्यातही दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरचा.

बुडखे निघाले की सबसॉयलर. एका दाताचा, दीड-दोन फूट खोल, पाच-सहा फुटांवर उभ्या रेषा. तो तिरपी पसरलेली मुळे तोडतो आणि वर आणतो. वाटेत दाबलेली जमीनही फुटते. जमीन कोरडी असतानाच चालवा. ओल्या काळ्या रानात दात लोण्यातून गेल्यासारखा जातो आणि मागे काहीच फुटत नाही. मग पलटी नांगर, नऊ ते बारा इंच, एप्रिल-मेच्या उन्हात. कुंदा आणि हराळी असलेल्या रानात हा टप्पा टाळता येत नाही. उलटलेल्या ढेकळांतल्या काशा उन्हात पंधरा-वीस दिवस तापू द्या, मग मजुरांकडून वेचून बांधाबाहेर. ढेकळे लगेच फोडायची घाई नको, मोठ्या ढेकळांत ऊन आत जाते आणि काशा वाळतात. वेचणी झाल्यावर वखर किंवा फणपाळी, आणि सगळ्यात शेवटी, जमिनीत लाकूड उरले नाही याची खात्री झाल्यावर, तो रोटाव्हेटर.

एका एकराचा हिशोब

पाच फुटी स्लॅशरची कापणी दीड मीटर. एक फेरी दुसरीवर वीतभर चढवायची, म्हणजे हाती राहतात १.३ मीटर. ताशी तीन किलोमीटरने चालला तर तासाला ३,९०० चौरस मीटर. वळणे, अडथळे, जाळी साफ करणे यात चौथा हिस्सा जातो, राहतात सुमारे २,९००. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणून साधारण एक तास पंचवीस मिनिटे. दाट जाळीत वेग दोनवर आला तर दोन तासांच्या वर. कोणी एकराला अर्धा तास सांगत असेल तर तो गवत कापायचा हिशोब सांगतो आहे.

जेसीबीचा हिशोब बुडख्यांवर करा. पहिल्या तासात स्वतः उभे राहून किती निघाले ते मोजा आणि आधी लिहिलेल्या कागदावरच्या आकड्याला त्याने भागा. एवढ्यावर उरलेले तास कळतात.

विकत घ्यावे की भाड्याने? तीन-चार एकरांसाठी स्लॅशर विकत घेण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस एकर असतील, किंवा आंबा-काजूच्या बागेत दरवर्षी गवत कापायचे असेल तर घ्यावा. सरकारी अनुदान कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळते. त्यात पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर पावती बाद ठरते, आणि हीच चूक सर्वाधिक होते.

कोकणातल्या कातळावर आणि तीव्र उतारावर यातले फारसे काही चालत नाही. दहा फुटांत दोन फुटांहून जास्त उतार असेल तर ट्रॅक्टर आडवा चालवू नका, आणि कातळ वर आलेल्या जागी पाठीवरचा ब्रश कटर आणि कोयता हेच औजार.

क्रम महिन्यांनी

पावसाचा आणि दगडाचा विचार करून वेड्या बाभळीच्या रानाचा क्रम असा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पाहणी, खुणा आणि स्लॅशरची फेरी, कारण जमिनीला थोडी ओल असते, धूळ कमी आणि आगीची भीती नसते. जानेवारी-फेब्रुवारीत चेनसॉ आणि जेसीबी. तुटलेल्या फांद्यांची बांधावर कुपाटी करा, जाड लाकूड सरपणाला जाते. ढीग पेटवणार असाल तर भर उन्हाळ्यात नको, वारा पडलेला असताना, भोवती दहा फूट नांगरून, पाण्याचा टँकर जवळ ठेवून. मार्चमध्ये सबसॉयलर, एप्रिल-मेमध्ये पलटी, जून लागायच्या आत वेचणी.

पाऊस पडून सहा-आठ आठवडे झाले की राहिलेले गड्डे फुटतात आणि जमिनीतले बी उगवते. ही फेरी चुकवू नका. फुटवे वीतभर असताना कुदळीने गड्ड्यासह निघतात, कंबरेएवढे झाल्यावर पुन्हा जेसीबी बोलवावा लागतो. शेळ्या वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आल्या की त्यांच्या लेंड्यांतून बी रानात पडते, आणि पोटातून गेलेले बी उलट चांगले उगवते. म्हणून शेंगा धरलेल्या दिवसांत, साफ केलेल्या रानात कळप बसवू नये. लेंडीखत हवे असेल तर ते उकिरड्यात पूर्ण कुजवून आणावे. अशी रोपे तिसऱ्या वर्षापर्यंत दिसत राहतात, बोटभर असतानाच दोन पावलांवर एक याप्रमाणे हातांनी उपटली तर एका माणसाला एकरभर रान अर्ध्या दिवसात होते.